समुद्रांत नाहींशा झालेल्या खलाशाचें कुलवृत्त : पनवेलच्या बाजूचीं साधनें

ज्याचा देह सांपडला नाहीं, त्याच्या मरणाचा निर्णय कसा करावा, हा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासास नवा नाहीं. १७६१ त सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. परंतु खात्रीची साक्ष न मिळाल्यामुळें पार्वतीबाईंनीं १७८३ त आपल्या मरणापर्यंत वैधव्य पत्करिलें नाहीं, आणि भाऊंच्या नांवानें उठलेल्या तोतयाचें बंड १७७६ त त्याचा शेवट होईपर्यंत कोंकणास भोंवलें. दोन महायुद्धांत बुडालेल्या खलाशांच्या घरींही हाच प्रश्न उभा राहिला. भाऊंसाठीं पत्रें व बखरी आहेत. खलाशासाठीं बहुधा एकच ओळ असते. त्या ओळीपासून पनवेल तालुक्यांतील घरापर्यंत कसें पोहोंचावें, हें येथें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

पहिलें साधन मुंबईस मशीद बंदराजवळील खलाशीगृहांत आहे. १९१४–१८ च्या युद्धांत ज्यांना समुद्रावांचून दुसरी समाधि नाहीं, अशा दोन हजारांवर नाविकांचीं नांवें तेथील पंचधातूच्या नव्हे, तर ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेलीं आहेत. १९३९–४५ च्या युद्धांतील आरमारी व व्यापारी नाविकांची नामावलि ग्रंथरूपानें असून, तिची एक प्रत मुंबईस व दुसरी चितगांवास ठेविली आहे.

येथें पहिली अडचण नांवाची. इंग्रज कारकुनानें बापाचें नांव आडनांव म्हणून लिहिलें, खरें आडनांव गाळलें, आणि उच्चार ऐकूं आला तसा टिपला. म्हणून एकाच माणसाचीं तीन-चार रूपें कल्पून शोध करावा. आडनांव 'कर'प्रत्ययान्त असलें तरी सावध राहावें. 'पनवेलकर' हें नांव पनवेलींत नव्हे, तर पनवेल सोडल्यावर पडतें. तें मूळ गांव दाखवितें, राहण्याचें ठिकाण दाखवीलच असें नाहीं.

नांवापेक्षां जहाज अधिक विश्वासू होय. जहाज ठरलें कीं तिथि ठरते. 'तिलावा' हें जहाज २० नोव्हेंबर १९४२ रोजीं मुंबईहून आफ्रिकेकडे निघालें व २३ रोजीं जपानी पाणबुडीनें तें बुडविलें. त्यांत २८० माणसें गेलीं. घरांत 'आजोबा दिवाळीनंतर गेले' एवढीच आठवण असली, तरी ती अशा तिथीशीं ताडून पाहतां येते. जहाजावरील लोकांच्या करारयाद्या इंग्लंडांत जमा होत. त्यांत साधारणतः नांव, वय, हुद्दा व जन्मस्थान मिळतें. १९१५ सालच्या सुमारें ३९,००० याद्या ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयांत आहेत. सारंग, तांडेल, कसाब, आगवाला हा हुद्दाही दुर्लक्षूं नये. सारंग आपल्या ओळखीचीं माणसें जमवीत असे, म्हणून यादींतील शेजारचीं नांवें पुष्कळदां त्याच खाडीकांठचीं निघतात.

आतां गांवचें दप्तर. पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता. त्यानंतर तो कुलाब्यांत आला, आणि कुलाब्याचें नांव १९८१ त रायगड झालें. म्हणून खलाशाच्या आजाचा कागद ठाण्याच्या दप्तरांत व नातवाचा अलिबागेच्या दप्तरांत असणें शक्य आहे. जन्ममृत्यूची नोंद गांव नमुना चौदांत, जमिनीचे फेरफार नमुना सहांत व वारसांची नोंद सहा-क मध्यें पाहावी.

येथें एक चूक हमखास होते. वारसनोंदीची तारीख ती मृत्यूची तारीख, असें धरूं नये. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणें सात वर्षें ज्याची वार्ता नाहीं, तो हयात असल्याचें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणाऱ्यावर पडे. सरकारी दाखला घरीं पोहोंचला नसेल, तर बायकोचें नांव जमिनीस लागण्यास तेवढीं वर्षें जाणें संभवतें. मधल्या काळांत ती सधवा कीं विधवा, याचा निर्णय ना सरकारदरबारीं होई, ना घरांत. धर्मशास्त्रानें अशा प्रसंगासाठीं पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करण्याचा विधि सांगितला आहे. तो केव्हां केला, हें घरांतील वृद्धांस अवश्य विचारावें. तेंच घरानें मरण मान्य केल्याचें वर्ष होय.

पुढील पिढ्यांसाठीं हिंदु कुटुंबांनीं नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, मुसलमानांनीं काजींचीं निकाहदप्तरें व ख्रिस्ती कुटुंबांनीं चर्चचीं दप्तरें पाहावीं. कोणतेंही एक साधन एकटें प्रमाण मानूं नये. दोन स्वतंत्र कागद जुळले म्हणजेच संबंध ठरला असें समजावें.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. सनद किंवा मोडी पत्र दिसतांच आपण तें जपतों. खलाशाची समुद्राच्या पाण्यानें डागाळलेली नोंदपुस्तिका मात्र रद्दींत जाऊं देतों. स्मारकावरील नांवास घर मिळवून देणारा कागद बहुधा तोच असतो. तो सांपडल्यास मालकाचें नांव, गांव व जहाज टिपून ठेवावें आणि शक्य तर मूळ कागद त्या घरींच परत द्यावा.