वडीलधाऱ्यांसाठी गादी निवडताना

घरात वयोवृद्ध माणूस असले की गादीचा प्रश्न कधी ना कधी निघतोच. पाठ धरते, खुबा दुखू लागतो, रात्री झोप लागत नाही किंवा जुन्या कापसाच्या गादीला मधोमध खड्डा पडतो, मग मुले-सुना म्हणतात, "आता एक चांगली गादी घेऊ या." पूर्वी अशा वेळी पिंजाऱ्याला बोलावून कापूस पिंजून घेतला जाई. आता पिंजारी दुर्मीळ झाले आहेत, आणि दुकानात गेल्यावर फोम, मेमरी फोम, लॅटेक्स, 'ऑर्थोपेडिक' अशा शब्दांचा मारा सुरू होतो. किमतीही काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत जातात. निवृत्तिवेतनावर संसार चालवणाऱ्याने यातून काय निवडावे, हा प्रश्न माझ्या दवाखान्यात वारंवार विचारला जातो. त्याचे सविस्तर उत्तर येथे देत आहे.

उत्तराचा गाभा थोडक्यात असा : वृद्ध व्यक्तीसाठी चांगली गादी तीच, जिच्यावर तिला स्वतःच्या बळावर कूस बदलता येते आणि जिच्यावरून स्वतःच्या बळावर उठता येते. मऊपणा, जाडी आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करावा.

शरीराची गरज

वाढत्या वयात त्वचा पातळ होते, तिच्याखालील चरबीचा थर कमी होतो आणि स्नायूंचे बळ ओसरते. आडवे झाल्यावर शरीराचा भार माकडहाड, खुबे, टाचा, खांदे अशा मोजक्या हाडांवर येतो. गादी फार कडक असेल तर या ठिकाणी दाब वाढतो. फार मऊ असेल तर शरीर तिच्यात रुतते आणि कूस बदलणे म्हणजे खड्ड्यातून वर चढणे होऊन बसते. तरुण माणूस झोपेत नकळत अनेकदा कूस बदलतो आणि दबलेल्या त्वचेला पुन्हा रक्तपुरवठा मिळतो. पार्किन्सन, पक्षाघात किंवा तीव्र संधिवात असलेल्या व्यक्तीला हीच हालचाल कष्टाची असते. अशा व्यक्तीसाठी रुतणारी गादी अपायकारक ठरते.

'पाठ दुखते तर लाकडी फळीवर झोपा' हा सल्ला आपण लहानपणापासून ऐकला आहे. स्पेनमध्ये झालेल्या आणि 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घकालीन कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना दोन गटांत विभागून कडक आणि मध्यम-कडक गाद्या देण्यात आल्या. ९० दिवसांनंतर मध्यम-कडक गादीवर झोपणाऱ्यांची वेदना अधिक कमी झालेली आढळली. म्हणून बहुतेकांसाठी मध्यम-कडक गादीपासून निवडीची सुरुवात करावी. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द विक्रेत्याने दिलेला असतो. एवढ्यावरून ती गादी आपल्या पाठीला मानवेल असे समजू नये.

फोम : घनता आणि कडकपणा

फोमच्या गादीचे आयुष्य प्रामुख्याने तिच्या घनतेवर अवलंबून असते. एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, ती त्याची घनता. कडकपणा हा निराळा गुण आहे. हलका फोमही कडक बनवता येतो. तो दुकानात उत्तम वाटतो आणि वर्ष-दीड वर्षात खचतो. त्यामुळे हाताने दाबून टिकाऊपणा कळत नाही. विक्रेत्याला प्रत्येक थराची घनता आणि जाडी विचारावी आणि ती बिलावर लिहून घ्यावी. रोजच्या वापराच्या मुख्य थरासाठी ३२ पेक्षा कमी घनता घेऊ नये; ४० च्या आसपास असल्यास उत्तम.

याची पडताळणी घरच्या वजनकाट्यावर करता येते. ७२ इंच लांब, ३६ इंच रुंद आणि ५ इंच जाड अशा अखंड फोमचे आकारमान सुमारे ०.२१ घनमीटर भरते. घनता ३२ असेल तर त्याचे वजन पावणेसात किलोंच्या आसपास, ४० असेल तर साडेआठ किलोंच्या आसपास असले पाहिजे. खोळीचे वजन त्यातून वजा करावे. गादी चार किलोंचीच भरली, तर तो १८-१९ घनतेचा फोम आहे हे ओळखावे. मात्र स्वस्त फोममध्ये वजन वाढवण्यासाठी खडूसारखी भुकटीही मिसळली जाते. असा फोम चटकन तुटतो आणि चोळल्यास त्याची पूड सुटते. म्हणून खोळीची चेन उघडून आतला फोम प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा.

फोमचे तुकडे चिकटवून दाबून बनवलेला 'रिबॉन्डेड' फोम जड, कडक आणि तुलनेने स्वस्त असतो. वरील वजनाचा हिशेब त्याला लागू पडत नाही. केवळ त्याचीच गादी कृश व्यक्तीला टोचते; परंतु तळाला तीन-चार इंच रिबॉन्डेड आणि वर दीड-दोन इंच चांगल्या घनतेचा फोम किंवा लॅटेक्स, ही रचना मध्यम खर्चात समाधानकारक ठरते.

मेमरी फोमचा शोध १९६६ साली अमेरिकेत 'नासा'साठी, विमानातील आसनांच्या संदर्भात लागला. शरीराच्या उष्णतेने तो मऊ होतो, शरीराचा आकार घेतो आणि हळूहळू पूर्ववत होतो. दाब विभागण्याचा गुण त्यात चांगला आहे. पण कूस बदलताना तो तत्परतेने साथ देत नाही आणि उष्णता धरून ठेवतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा त्रास विशेष जाणवतो. हवाच असेल तर वरचा पातळ थर म्हणून घ्यावा.

लॅटेक्स : गुण आणि मर्यादा

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्या देशात त्याचे सर्वाधिक उत्पादन केरळात होते. हा चीक फेसाळून साच्यात ओततात आणि उष्णता देऊन घट्ट करतात. साच्यातील खिळ्यांमुळे त्यात उभी छिद्रे राहतात आणि हवा खेळती राहते. 'डनलॉप' पद्धतीचे लॅटेक्स अधिक जड आणि घट्ट असते. 'तलाले' पद्धतीचे तुलनेने हलके आणि मऊ असते.

लॅटेक्स दाबल्यावर तत्क्षणी पूर्ववत होते. त्यामुळे कूस बदलताना गादी जणू हात देते. चांगले लॅटेक्स सामान्य फोमपेक्षा बरीच अधिक वर्षे टिकते. त्याच्या अडचणीही ध्यानात घ्याव्यात. पहिली किंमत. दुसरी वजन : ७२ बाय ३६ इंच, ६ इंच जाडीची गादी १८ ते २० किलोंच्या घरात जाते. चादर बदलताना ती उचलणारी व्यक्तीही अनेकदा साठीची असते, तिच्या कंबरेचा विचार व्हावा. तिसरी ॲलर्जी : रबरी हातमोजे किंवा फुगे यांमुळे ज्यांना पूर्वी खाज, सूज वा धाप लागली असेल, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याविना लॅटेक्स घेऊ नये. शिवाय 'नैसर्गिक' या शब्दाखाली कृत्रिम रबराचे मिश्रणही विकले जाते. दोहोंचे प्रमाण किती, तेही बिलावर लिहून घ्यावे.

उंची आणि कड

माझ्या उपचाराखालील एका आजींना परदेशी असलेल्या मुलाने मोठ्या प्रेमाने दहा इंच जाडीची मऊ गादी घेऊन दिली. पेटीचा पलंग आधीच चौदा इंच उंच. आजींची उंची जेमतेम पाच फूट, त्यामुळे पलंगावर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नसत. एका रात्री लघवीसाठी उठताना गादीची मऊ कड दबली, त्या घसरून पडल्या आणि मनगट मोडले. गादी महाग होती, नवी होती; त्यांच्यासाठी मात्र ती योग्य नव्हती.

म्हणून खरेदीपूर्वी मोजमाप घ्यावे. वृद्ध व्यक्तीला खुर्चीवर बसवून जमिनीपासून गुडघ्यामागील घडीपर्यंतची उंची मोजावी. माणूस बसल्यावर दबलेल्या गादीची जमिनीपासूनची उंची तेवढीच, किंवा एखाद-दोन इंच अधिक असावी. त्यातून पलंगाची उंची वजा केली की गादीची जाडी कळते. बहुतेक घरांत पाच-सहा इंच पुरेसे होतात. गादीची कड मजबूत असणेही तितकेच महत्त्वाचे, कारण उठताना सारा भार कडेवरच येतो.

दुकानातील परीक्षा

ज्यांच्यासाठी गादी घ्यायची, त्यांना शक्य असल्यास बरोबर न्यावे. नेहमी झोपतात त्या स्थितीत त्यांना किमान पंधरा मिनिटे झोपू द्यावे. उताणे असताना कंबरेखालून हात सरकवून पाहावा : हात मोकळा फिरला तर गादी फार कडक, मुळीच शिरला नाही तर फार मऊ. मग त्यांना दोन्ही कुशींवर वळायला आणि कडेला बसून उठायला सांगावे. या वेळी हात देण्याचा मोह टाळावा, मात्र जवळ उभे राहावे. घरबसल्या मागवायची असेल तर परत देण्याची मुदत किती आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे लेखी स्वरूपात पाहावे.

किमतीचा विचार वर्षांच्या हिशेबाने करावा. समजा, ८,००० रुपयांची गादी दोन वर्षांत खचली, तर ती वर्षाला ४,००० रुपयांना पडली. १८,००० ची गादी नऊ वर्षे टिकली, तर वर्षाला २,००० रुपयांना. उलट, प्रकृती झपाट्याने बदलत असेल आणि पुढे रुग्णालयातील पलंगासारखी सोय लागण्याची शक्यता असेल, तर दीर्घकाळ टिकणाऱ्या महागड्या लॅटेक्सवर बचत खर्च करण्याचे कारण नाही. वर सांगितलेली मिश्र रचना तेथे पुरते. हमीपत्रात किती इंच खड्डा पडल्यास गादी बदलून मिळते आणि डाग पडल्यास हमी रद्द होते का, हे दोन मुद्दे अवश्य वाचावेत.

निगा

कापसाची गादी उन्हात टाकण्याची आपली जुनी रीत फोम आणि लॅटेक्सला लागू नाही. उन्हाने लॅटेक्स कडक होऊन तडकते, फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. या गाद्या सावलीत, वाऱ्यावर उभ्या कराव्यात. दर दोन-तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवावी. कोकणात पावसाळ्यात गादीच्या तळाला बुरशी धरते; तेथे फळ्यांमध्ये फटी असलेला पलंग सोयीचा. लघवीवर ताबा नसेल तर हवा खेळू देणारी जलरोधक खोळ पहिल्या दिवसापासूनच घालावी. साधे मेणकापड वापरायचे झाल्यास केवळ कंबरेखाली, सुरकुती न पडू देता पसरावे आणि वर सुती चादर घालावी.

गादीकडून काय अपेक्षू नये

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला कोणतीही गादी शय्याव्रणांपासून एकटी वाचवू शकत नाही. फोमच्या गादीवर साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. आलटून-पालटून फुगणारी हवेची गादी उपयुक्त आहे. पण तिच्यावरही कूस बदलावीच लागते, किती वेळाने ते डॉक्टरांना विचारावे. टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली ठेवावी. मध्ये भोक असलेली गोल रबरी रिंग वापरू नये. तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे आणि टाचा पाहाव्यात. लाल झालेल्या जागी बोटाने दाबून सोडावे. दाबताना लाली फिकी होत नसेल, तर ती व्रणाची सुरुवात समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. त्या जागी चोळू नये. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तेथे त्वचेचा गडदपणा, ऊब किंवा घट्टपणा पाहावा.

प्रत्येक पाठदुखीचे खापर गादीवर फोडणेही धोक्याचे. पडल्यानंतर किंवा वजन उचलल्यानंतर अचानक उद्भवलेली, रात्री झोपेतून उठवणारी, तापासह किंवा वजन घटण्यासह येणारी पाठदुखी तपासून घ्यावी. पायातील बळ गेले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

गादीच्या खरेदीला निघण्याआधी एक काम करावे. उद्या सकाळी आपल्या घरातील वडीलधारी व्यक्ती अंथरुणातून कशी उठते, हे शांतपणे पाहावे. कुशीवर वळणे, पाय खाली सोडणे, हाताने रेटून बसणे आणि उभे राहणे यांपैकी नेमके कोठे अडते, ते टिपून ठेवावे. ती नोंद आणि मोजपट्टी घेऊन दुकानात जावे.