लखनौच्या गच्चीवरून अंतराळ स्थानक

लखनौचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात असताना, 4 जुलै 2025 रोजी, बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी हॅम म्हणजे हौशी रेडिओवरून बोलले. स्थानकावरून असं बोलणं 145.800 मेगाहर्ट्झवर खाली येतं. ते पकडणारा अँटेना शाळकरी पोरालाही घरच्या उरल्यासुरल्या वायरीतून करता येतो.

सगळी मेख लांबीत आहे. 300 ला 145.8 ने भागलं की तरंगलांबी मिळते, सुमारे 2.06 मीटर. तिचा चौथा हिस्सा 51 सेंटिमीटर. मात्र तार मोजपट्टीवर दिसते त्यापेक्षा लहरीला थोडी लांब भासते, म्हणून पाचेक टक्के कमी करून 49 ठेवायची.

घरातल्या वायरिंगची जाड तांब्याची तार घ्या, 49 सेंटिमीटरचे दोन तुकडे करा आणि स्क्रूच्या कनेक्टर पट्टीत एकमेकांना न टेकवता बसवा. दोघांत 120 अंशांचा कोन ठेवून लाकडी पट्टीवर आडवे बांधा. आता डिश टीव्हीची केबल. तिची मधली तार एका तुकड्याला, वरची जाळी दुसऱ्याला. ही जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिला सोल्डर धरत नाही. उगाच सोल्डरिंग आयर्न तापवत बसू नका. जाळीला पीळ देऊन स्क्रूखाली आवळा. केबल 75 ओहमची आहे म्हणून जाणकार नाक मुरडतील, पण नुसतं ऐकायला ती पुरते.

साधा एफएम रेडिओ 108 मेगाहर्ट्झवरच थांबतो, त्यामुळे केबलच्या दुसऱ्या टोकाला एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचा सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, घ्यावा लागतो. खरा खर्च तेवढाच.

स्थानक डोक्यावरून जायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. येताना लहर सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकलेली असते, जाताना तितकीच खाली. अँटेना हातात धरून हळूहळू फिरवत राहा. अंतराळवीर रोज बोलत नाहीत, एरवी 145.825 वर संगणकी संदेशांचे छोटे खरखरते फटकारे ऐकू येण्याची शक्यता जास्त.

गच्चीवर जाण्याआधी विजेच्या तारा कुठून गेल्यात ते बघा. लखनौ पतंगांचं शहर. धातूचा मांजा मेट्रोच्या तारांवर पडून गाड्या थांबल्याच्या बातम्या तिथे नव्या नाहीत. तुमची तारही धातूचीच आहे.

आणि हे सगळं ऐकण्यापुरतं. उत्तर द्यायचं तर दूरसंचार विभागाचा हॅम परवाना हवा, आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते.