लॅडब्रोक ग्रोव्हवरची मिरवणूक

ऑगस्टचा शेवटचा, सुटीचा सोमवार आणि त्याच्या आदला रविवार असे दोन दिवस पश्चिम लंडनमधल्या नॉटिंग हिलचे रस्ते वाहनांना बंद असतात. लॅडब्रोक ग्रोव्ह, वेस्टबोर्न ग्रोव्ह, ग्रेट वेस्टर्न रोड अशा सुमारे साडेतीन मैलांच्या फेऱ्यावरून पिसांचे मुकुट घातलेली सोंगांची पथके नाचत जातात आणि बाजूच्या गल्ल्यांत माणसाहून उंच स्पीकरच्या भिंती रचलेल्या असतात. दोन दिवसांच्या गर्दीचा आकडा वीस लाखांपर्यंत सांगितला जातो. तो बराच खाली आणला, तरी युरोपातल्या सर्वांत मोठ्या उत्सवांत नॉटिंग हिल कार्निव्हल मोडतो. एवढा पसारा वाढला कसा, याचे नेहमीचे उत्तर असे, की नाना देशांची माणसे तिथे एकत्र राहिली, म्हणून त्यांचा सणही एकत्र झाला. हे उत्तर मला पटत नाही. १९५८ मध्ये याच वस्तीत नाना देशांची माणसे शेजारी शेजारी राहत होती आणि ऑगस्टअखेर गोऱ्या तरुणांच्या टोळ्या कॅरिबियन लोकांच्या घरांवर चालून गेल्या. नुसत्या शेजारातून उत्सव उभा राहत नाही. हा उत्सव वाढला तो रस्त्यामुळे, असे माझे म्हणणे आहे. चालत्या मिरवणुकीत ज्याला त्याला आपापले वाद्य घेऊन शिरता येते, आणि ती चालण्याचा हक्क या लोकांनी सोडला नाही.

कार्निव्हलचा जन्म कोणाच्या हातून झाला यावर लंडनमध्ये अजून वाद होतो, आणि त्या वादातच या म्हणण्याचा पुरावा आहे. एक बाजू क्लॉडिया जोन्स यांचे नाव घेते. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या, न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या आणि कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेने हद्दपार केलेल्या या बाईंनी लंडनमध्ये ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे वृत्तपत्र काढले. १९५८ च्या त्या दंगलीनंतर काही महिन्यांतच, ३० जानेवारी १९५९ रोजी, त्यांनी सेंट पँक्रास टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. त्याच्या माहितीपुस्तिकेच्या विक्रीतला काही भाग दंगलीत दंड झालेल्या काळ्या आणि गोऱ्या, दोन्ही तरुणांसाठी ठेवला होता. हा मोठेपणा विसरण्यासारखा नाही. दुसरी बाजू रोन लॅस्लेट या समाजसेविकेचे नाव घेते. त्यांनी १९६६ मध्ये मुलांसाठी आणि वस्तीसाठी रस्त्यावर जत्रा भरवली. या भागात तेव्हा आयरिश, स्पॅनिश, युक्रेनी, आफ्रिकी, कॅरिबियन अशी सगळी मंडळी होती. जोन्सबाई १९६४ च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांचा सभागृहातला कार्निव्हल त्यांच्यामागे टिकला नाही. लॅस्लेटबाईंची जत्रा टिकली, पण ती कार्निव्हल झाली ते एका अनपेक्षित क्षणी. वादक रसेल हेंडरसन आणि त्यांचे साथीदार जत्रेत स्टीलपॅन हे पत्र्याचे वाद्य गळ्यात अडकवून एका जागी वाजवत होते. ते वाजवत वाजवत चालू लागले आणि माणसे त्यांच्यामागे निघाली. आशय एका बाईंनी दिला, जागा दुसऱ्या बाईंनी दिली, आणि चालणाऱ्या वादकांनी दोन्हींची गाठ घातली. दोघींपैकी एकीलाच श्रेय देणे म्हणून चुकीचे आहे.

स्टीलपॅन हे वाद्यच मुळी रस्त्यासाठी झालेल्या भांडणातून आले आहे. त्रिनिदादमध्ये गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांनी मळेवाल्या फ्रेंचांचा कार्निव्हल आपलासा केला, मशाली आणि ढोल घेऊन ते रस्त्यावर उतरू लागले. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनमध्ये त्यांची पोलिसांशी चकमक झाली आणि १८८४ च्या कायद्याने ढोलांवर बंधने आली. मग लोकांनी वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बांबूंच्या जागी पत्र्याचे डबे आले आणि १९४० च्या दशकात तेलाचे पिंप आले. पिंपाचा तळ घणाने ठोकून ठोकून वाटीसारखा खोलगट करतात. त्यावर स्वरांच्या चकत्या आखून त्यांच्या कडा खिळ्यासारख्या पंचाने ठसवतात. कडेचे मोठे अंडाकृती भाग खालच्या स्वरांचे, मधले लहान भाग वरच्या स्वरांचे. बाजूचा पत्रा पट्टीप्रमाणे कापतात, उंच स्वरांच्या पॅनला जेमतेम वीतभर ठेवतात आणि खर्जाच्या पॅनला जवळजवळ अख्खे पिंप. मग पत्रा आगीवर धरतात आणि जाणकार माणूस लहान हातोडीने खालून-वरून ठोकत एकेक स्वर कानाने जुळवतो. १९५१ मध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी आलेल्या त्रिनिदादच्या स्टीलपॅन पथकातले स्टर्लिंग बेटनकोर्ट लंडनलाच राहिले. पुढे ते हेंडरसन यांच्या साथीला होते.

तरीही १९७० च्या सुमारास हा सोहळा वस्तीपुरताच होता. त्याला फुगवले लेस्ली पामर या त्रिनिदादच्या शिक्षकाने, १९७३ ते १९७५ या तीन वर्षांत. जमैकाच्या घरांतली लंडनमध्ये वाढलेली पोरे स्टीलपॅनवर वाढलेली नव्हती. त्यांचे संगीत रेगे, आणि त्यांचे वाद्य म्हणाल तर साउंड सिस्टिम, म्हणजे स्वतः बांधलेले स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्डचा साठा. पामर यांनी त्यांना कोपरे दिले, विजेची सोय केली, आणि १९७५ पर्यंत गर्दी दीड लाखावर गेली. त्रिनिदादच्या जुन्या जाणत्यांना हे रुचले नाही. मास म्हणजे सोंग आणि मास चालते, तर स्पीकर एका जागी उभा राहतो, असा त्यांचा आक्षेप होता. तो रास्त होता. पण चालत्या मिरवणुकीला थांबण्याची ठिकाणे मिळाली आणि नवी पिढी आत आली, हे मोल त्याहून मोठे होते. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, सुमारे तीन हजार पोलिस रस्त्यावर उभे केले गेले. संशयावरून कोणालाही पकडण्याची मुभा देणाऱ्या १८२४ च्या कायद्याने ही पोरे आधीच गांजली होती. दंगल झाली, तीनशेहून जास्त पोलिस जखमी झाले आणि कार्निव्हल बंद करा, नाहीतर एखाद्या स्टेडियममध्ये हलवा, अशी ओरड सुरू झाली. कार्निव्हल रस्त्यावरच राहिला.

याला बहुसांस्कृतिक का म्हणायचे, हा तर कॅरिबियन लोकांचा सण आहे, असे म्हणणारे आहेत. कणा कॅरिबियनच आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. प्रत्येकाचे थोडे थोडे घेऊन केलेल्या मिसळीला स्वतःची चव राहत नाही. पण त्या कण्यातही अनेक ठिकाणचे पाणी मिसळले आहे. ३० मे १८४५ रोजी हिंदुस्थानातले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, पहिल्यांदा त्रिनिदादला उतरले. त्यांची ढोलक तिथे रुजली, आपला ताशा तिथे ‘टासा’ म्हणून आजही वाजतो. १९७० च्या दशकात लॉर्ड शॉर्टी या गायकाने कॅलिप्सोत ढोलक आणि धनतालाचा ठेका मिसळून सोका हा प्रकार घडवला. सोका हे आज मास, स्टीलपॅन, कॅलिप्सो आणि साउंड सिस्टिम यांच्या बरोबरीने कार्निव्हलचे एक अधिकृत अंग आहे. लॅडब्रोक ग्रोव्हवर मुली ज्या ठेक्यावर नाचतात, त्याचा एक धागा उसाच्या मळ्यांतल्या हिंदुस्थानी मजुरांपर्यंत जातो. लंडनमधली ब्राझिलियन सांबा पथकेही अशीच आपला ताल घेऊन आली.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. रॅचमनसारख्या घरमालकांनी एकेकाळी जिथे खोल्याखोल्यांत माणसे कोंबली, तिथे आज श्रीमंतांची घरे आहेत. कार्निव्हलच्या आधी त्यातली अनेक घरे आणि दुकाने प्लायवूडच्या फळ्या ठोकून बंद होतात. मग हा उत्सव कोणत्या वस्तीचा? उत्तर १४ जून २०१७ च्या रात्रीने दिले. ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसे गेली. ती इमारत लॅडब्रोक ग्रोव्हपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि तिच्यात राहणारी माणसे अनेक देशांतून आलेली होती. त्या वर्षी मिरवणूक थांबून स्तब्ध उभी राहिली. पुढे ही स्तब्धता ७२ सेकंदांची झाली. जी वस्ती स्वतःच्या मेलेल्यांसाठी लाखोंची मिरवणूक थांबवू शकते, ती तिथून गेली असे म्हणता येत नाही.

उरतो सुरक्षेचा प्रश्न, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. २००० मध्ये कार्निव्हलात दोन खून झाले, तेव्हापासून हाइड पार्कचा पर्याय पुन्हा पुन्हा पुढे येतो. २०२४ मध्येही दोन जीव गेले. लाखोंच्या गर्दीत अटका शेकड्यांत होतात, हा समर्थकांचा हिशेब खरा आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. अरुंद गल्लीतली चेंगराचेंगरी सरासरी बघत नाही. लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशन त्या दिवसांत बंद ठेवावे लागते, यावरूनच दाबाची कल्पना येते. तरीही हाइड पार्क हे उत्तर नव्हे. मैदानाला कुंपण येते, कुंपणाला तिकीट येते, आणि दारातून आत सोडलेला माणूस प्रेक्षक होतो. सभागृहातला कार्निव्हल आयोजकाबरोबर संपला, हे एकदा घडून गेले आहे. धोका कमी करायचा, तर तो रस्त्यावरच कमी केला पाहिजे. अडचणीच्या कोपऱ्यांवरचे स्पीकर हलवावेत, गल्ल्या एका दिशेने चालत्या ठेवाव्यात, प्रशिक्षित स्वयंसेवक वाढवावेत. त्याला पैसा लागतो. २००३ च्या सरकारी अभ्यासाने या दोन दिवसांतून लंडनच्या अर्थव्यवस्थेत ९ कोटी ३० लाख पौंडांची भर पडते असे मांडले होते. २०२५ मध्ये महापौर आणि दोन स्थानिक कौन्सिलांनी मिळून सुरक्षेसाठी सुमारे १० लाख पौंड दिले, तेही कार्निव्हलला दोनेक महिने उरले असताना, एका वर्षापुरते. हा खर्च दरवर्षी, वर्षाच्या सुरुवातीलाच, महापालिकेच्या अंदाजपत्रकात धरला गेला पाहिजे.