सवय नाकाला होते

वरवंडहून सोलापूर रस्त्याने निघालं, की पुढे कुरकुंभची रासायनिक वसाहत लागते. तिथं कामाला जाणारी पोरं म्हणतात, "चाचा, वासाची सवय होते." सवय नाकाला होते, मज्जातंतूंना नाही.

हेक्झेनसारखं द्रावक हवेत चटकन उडतं, श्वासातून रक्तात जातं. झिंग येते, मोकळ्या हवेत उतरते, माणूस विसरतो. पण यकृतात त्याचं जे रसायन बनतं, ते सर्वांत लांब मज्जातंतूंना आधी गाठतं. म्हणून मुंग्या पायाच्या बोटांपासून सुरू होतात. जपानमध्ये १९६०च्या दशकात चपला चिकटवणाऱ्या कामगारांना हेच दुखणं जडलं. काम सोडल्यावरही ते काही महिने वाढू शकतं, मग बहुधा हळूहळू उतरतं.

मुंग्या म्हटलं की डॉक्टर आधी साखर तपासतात. कारखान्यात कशाचा वास घेता, तेही त्यांना सांगा.