खाऱ्या पाण्याची छोटी टाकी उन्हाळ्यात थंड कशी ठेवाल?

उन्हाळा तोंडावर आला की नागपूर, हैदराबाद, बडोदा, चेन्नई अशा सगळ्या बाजूंनी एकच प्रश्न येतो: "सर, चिलरची किंमत टाकीपेक्षा जास्त आहे. मे महिन्यात काय करायचं?" आजचा भाग त्यावर.

मी महूला राहतो. घरी शंभर लिटरची टाकी आहे. त्यात क्लाउनफिशची जोडी, दोन कोळंब्या आणि एक अ‍ॅनिमोन, म्हणजे समुद्रपुष्प. मे महिन्यात दुपारी खोली पस्तीस-छत्तीस अंशांवर जाते. चिलर माझ्याकडे नाही, तरी टाकी सत्तावीसच्या वर जात नाही. हे कसं होतं, ते क्रमाने पाहू.

धोका नेमका कोणता?

या जीवांना २४ ते २७ अंश सेल्सियस मानवतं. २८ला सावध व्हायचं आणि ३० म्हणजे धोक्याची घंटा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना तो लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ६.२. गोड्या पाण्यात २५ अंशांना तोच सव्वाआठ मिलिग्रॅम असतो. म्हणजे खारी टाकी मुळातच कमी शिधा घेऊन चालते. त्यातच उष्णतेमुळे माशांची प्राणवायूची गरज वाढते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, ती एकाच वेळी.

अ‍ॅनिमोन आणि प्रवाळ यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्यावरच त्यांचं बरंचसं पोट भरतं. उष्णता सोसेनाशी झाली की ते शैवाल बाहेर टाकलं जातं आणि जीव पांढरा पडतो. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच झालं. तिथे समुद्र काही दहा अंशांनी तापला नव्हता. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं, एवढंच पुरतं. जाता जाता एक सांगतो. दगडी प्रवाळ आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते कोणी विकायला आणले तरी घेऊ नका.

आधी उष्णतेची आवक थांबवा

टाकी पश्चिमेच्या भिंतीला किंवा खिडकीसमोर नको. गच्चीखालच्या खोलीपेक्षा खालचा मजला बरा. दिवे एलईडीच वापरा आणि त्यांची वेळ बदला. दुपारी बारा ते आठऐवजी संध्याकाळी पाच ते रात्री बारा ठेवा. माशांना काही फरक पडत नाही. दिव्यांचे अ‍ॅडॉप्टर कपाटाबाहेर काढा, कपाटाचं दार उघडं ठेवा.

पाण्यात बुडालेला पंप किती वॉटचा आहे ते वाचा. तो जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी पाण्यात उष्णता म्हणून उतरते. ४० वॉटचा पंप चोवीस तासांत एवढी उष्णता टाकतो की ती बाहेर गेलीच नाही, तर शंभर लिटर पाणी आठ अंशांनी तापेल. तेच काम १५ वॉटच्या पंपावर होत असेल, तर तो बदलणं हा सगळ्यांत स्वस्त चिलर समजा.

पंखा: आपलं मुख्य अस्त्र

वाळवंटात आमच्या गाड्यांना जाड कापडाची पाण्याची पिशवी टांगलेली असायची, तिला छागल म्हणतात. तिचं आणि आपल्या माठाचं तत्त्व एकच. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते.

आता हिशोब बघा. एक लिटर पाण्याची वाफ झाली की सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता जाते. शंभर लिटर खारं पाणी एक अंशाने थंड करायला सुमारे ४१० किलोज्यूल लागतात. म्हणजे लिटरभर बाष्पीभवनात जवळजवळ सहा अंशांचं बळ आहे. बाहेरून उष्णता आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात एवढी घट दिसत नाही. पण दिवसाला एक लिटर वाफ म्हणजे अखंड २८ वॉट उष्णता बाहेर, हे पक्कं.

जुळणी सोपी आहे. संगणकाचे १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे दोन पंखे घ्या. काचेचं झाकण काढा, त्याजागी बारीक जाळी बसवा, कारण मासे उड्या मारतात. पंखे काठावर तिरके लावा, म्हणजे वारा पाण्याच्या पृष्ठभागावर घासून जाईल. पंपाचं तोंड थोडं वर करा, म्हणजे पृष्ठभाग हलता राहील. एसटीसी-१००० सारखा स्वस्त तापमान नियंत्रक मध्ये घाला. २६.५ला पंखा सुरू, २६ला बंद. खाऱ्या तुषारांनी पंखे गंजतात, म्हणून एक जोडी शिल्लक ठेवा. प्रत्येक वायर प्लगच्या आधी खाली झुकलेली हवी, म्हणजे थेंब खालीच गळतील. आणि त्या सर्किटवर ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी हवाच. खारं पाणी आणि वीज एकत्र असताना यात तडजोड नाही.

तुमच्या गावात पंखा चालेल का?

पंखा विकत घेण्याआधी हे घरीच तपासा. साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळा आणि तो पंख्यासमोर दहा मिनिटं धरा. जो आकडा येईल त्याखाली वाऱ्याने पाणी कधीच जाणार नाही. टाकी त्याच्या दोन-चार अंश वरच थांबेल. महू, नागपूर, जयपूरच्या कोरड्या उन्हात हा आकडा एकवीस-बावीस येतो, तिथे पंखा राजा. मुंबई, गोवा, चेन्नई, कोलकात्याच्या दमट हवेत तोच सत्तावीसच्या आसपास येतो. तिथे पंखा एकटा पुरणार नाही. टाकी लहानशा खोलीत हलवून एसी २६वर ठेवणं हाच तिथला खरा उपाय.

कमी झालेलं पाणी गोडंच भरा

वाफ फक्त पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं. माझ्या टाकीतून मे महिन्यात रोज दोन-अडीच लिटर उडतं. तीन दिवस भरलं नाही, तर क्षारता ३५वरून ३७च्या पुढे जाते. म्हणून रोज आरओचं गोडं पाणी, थोडं थोडं. कूलरला असतो तसा छोटा फ्लोट व्हॉल्व्ह लावून वरच्या डब्यातून आपोआप भरता येतं. मात्र डबा पाच लिटरपेक्षा मोठा नको. व्हॉल्व्ह अडकला, तरी टाकीत तेवढंच पाणी जाईल.

बर्फाच्या बाटल्या: राखीव तुकडी

एक लिटरची गोठलेली बाटली शंभर लिटर पाणी जेमतेम एक अंशाने उतरवते. म्हणजे रोजचं काम तिचं नाही, आणीबाणीचं आहे. बाटलीत आरओचं पाणी भरा, वर थोडी जागा सोडा, झाकण घट्ट लावा, लेबल काढा. मागच्या कप्प्यात एका वेळी एकच सोडा. तासाला एक अंशापेक्षा वेगाने उतार नको. सुटा बर्फ कधीच टाकू नका, नळाचं क्लोरीन आणि कमी झालेली क्षारता दोन्ही एकदम येतात.

हे मात्र करू नका

छोट्या फ्रिजमध्ये प्लॅस्टिकची नळी गुंडाळून पाणी फिरवण्याचे व्हिडिओ खूप फिरतात. प्लॅस्टिकमधून उष्णता सावकाश जाते आणि घरचा फ्रिज गार वस्तू गार ठेवायला बनवलेला असतो, अखंड उष्णता ओढायला नाही. त्यात तांब्याची नळी वापरली तर कोळंबी आणि अ‍ॅनिमोन दोन्ही जातील, तांबं त्यांना विष आहे. पेल्टियर पट्टी वीस-तीस लिटरच्या टाकीपुरती ठीक. ती थंड करते त्यापेक्षा जास्त उष्णता खोलीत सोडते.

वीज गेली तर

सगळ्यांत आधी प्राणवायू, मग तापमान. दोन पंखे आणि एक हवेचा पंप मिळून दहा-पंधरा वॉट लागतात. घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर सहज चालतात. तेवढा एक प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आजच घ्या आणि एकदा मेन स्विच बंद करून सराव करा. गावाला जाताना शेजाऱ्यांसाठी टाकीवर कागद चिकटवा: कोणता आकडा दिसला तर काय करायचं, चार ओळींत.

क्लाउनफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. कोचीच्या सीएमएफआरआयने त्याची बंदिस्त पैदास यशस्वी केली आहे, म्हणून समुद्रातून पकडलेला मासा घेण्याची गरज नाही. पण टाकीतल्या माशाला खोल पाण्यात सरकायची सोय नसते. इथे त्याचा उन्हाळा आपल्या हातात आहे.

या आठवड्यात फक्त दोन आकडे लिहून काढा: दुपारी तीन वाजता टाकीचं तापमान आणि ओल्या कापडाच्या थर्मामीटरचा आकडा. पुढच्या भागात क्षारता मोजण्याची साधनं पाहू. जय हिंद.