तळ्यातले मासे एकमेकांचे कोण?

मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे आपण इतकं ऐकतो की पाण्यात दुसरं नातंच नसावं असं वाटतं. मरळीसारखे शिकारी मासे आहेतच. पण कटला, रोहू आणि मृगळ एका तळ्यात नांदतात ते खाद्यविभागणीमुळे (एकाच पाण्यातलं अन्न जातींनी वाटून घेण्यामुळे). घरात एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घ्यावीत, तसं. कटल्याचं तोंड वर वळलेलं. तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म प्राणी टिपतो. रोहू मधल्या थरात वावरतो आणि कातरल्यासारख्या ओठांनी शेवाळ खरवडतो. मृगळाचं तोंड किंचित खाली झुकलेलं, कारण त्याचं अन्न तळाच्या गाळात. गवत खाणारा गवत्या मासा तर शेजाऱ्यांना पोसतो: त्याच्या अर्धवट पचलेल्या विष्ठेमुळे पाण्यात प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात.

मग स्पर्धा नसतेच का? असते, आणि ती विसरणं मत्स्यपालकाला महागात पडतं. लहान असताना कटला, रोहू आणि मृगळ या तिन्ही जातींची पिल्लं मुख्यतः प्राणिप्लवकांवरच जगतात. तोंडांतला फरक कामाला येतो तो पुढे. शिवाय सायप्रिनस हा बाहेरून आणलेला मासा मृगळाप्रमाणेच तळाशी चरतो. तो तळ्यात सोडायचा असेल, तर मृगळाचं बीज (सोडायची पिल्लं) कमी ठेवावं लागतं.