खोक बुजल्यानंतर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात काय होते, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लागतो, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. काहींचे प्राणही गेले आहेत. गोटमार असावी की नसावी, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. आमचे लक्ष आहे ते डोक्याला टाके घालून घरी परतणाऱ्याकडे.

टाके निघतात, खोक बुजते, घरची मंडळी देवाचे आभार मानतात. पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट तेथेच संपते. पण एखाद्याला तीन कामे सांगावीत तर तो पहिलेच करून थांबतो. शांत स्वभावाचा मुलगा आईवर खेकसू लागतो. पाठ केलेले संध्याकाळपर्यंत उरत नाही. मेंदूचे छायाचित्र कधीकधी निर्दोष येते. मग शेजारीपाजारी आळस, हट्ट, नाही तर बाहेरची बाधा, असे निदान परस्पर करून टाकतात! मोटारसायकलवरून पडलेल्यांचीही हीच कथा.

ही न दिसणारी इजा मोजणारे शास्त्र म्हणजे क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजी. दुसऱ्या महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांवर काम करताना रशियाच्या अलेक्झांडर लुरिया यांनी त्याचा मोठा भाग घडविला. यातील चाचण्या वरकरणी पोरखेळ वाटतात. सांगितलेले आकडे उलट क्रमाने म्हणावयाचे. ऐकलेली शब्दांची यादी काही वेळाने पुन्हा आठवावयाची. एका मिनिटात जमतील तितक्या प्राण्यांची नावे घ्यावयाची. चाचणी घेणे सोपे. योग्य अर्थ लावणे कठीण, आणि म्हणूनच शिक्षण दीर्घ. अमेरिकेत डॉक्टरेटचा अभ्यास व संशोधन करूनही पदवी हाती पडण्यापूर्वी एक वर्ष रुग्णालयात देखरेखीखाली काम करावे लागते. १९९७ च्या ह्यूस्टन परिषदेने त्यापुढे आणखी दोन वर्षांचे प्रशिक्षण सुचविले. या उमेदवारीस आपल्याकडे आंतरवासिता म्हणतात. शब्द सरकारी वाटतो खरा, पण गुरूजवळ राहून शिकणारा अंतेवासी आपणांस जुन्या ग्रंथांतून परिचित आहेच.

भारतात बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेने १९५५ साली चिकित्सा-मानसशास्त्राचे शिक्षण सुरू केले. १९७४ साली तिचेच निम्हान्स झाले. पुढे भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा दोन वर्षांचा एम.फिल. हा या व्यवसायाचा मुख्य मार्ग ठरला. त्यात विद्यार्थी ज्येष्ठांच्या नजरेखाली रुग्ण तपासतो, अहवाल लिहितो, आणि तो अहवाल खोडून परत आला की पुन्हा लिहितो. शिक्षकी पेशातल्या माणसास ही पद्धत मनापासून पटते. निम्हान्सने २००४ साली चाचण्यांचा जो संच प्रसिद्ध केला, त्यात वय, लिंग व शिक्षण यांनुसार भारतीय प्रमाणे दिलेली आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्याची तुलना पदवीधराशी करून त्यास 'मंद' म्हणणे त्यामुळे टळते.

आपल्या मुलखात एक पेच अधिक आहे. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. तरी मोठ्या दुखण्याची वाट नागपूरचीच. घरात मराठी, वर्गात हिंदी. कासवाचे चित्र पाहून मूल क्षणभर अडखळते आणि 'कछुआ' म्हणते. हा अडखळा मेंदूच्या इजेचा की दोन भाषांच्या वेशीवरचा? पुस्तक वाचून याचे उत्तर येत नाही. दोन्ही भाषांतली अनेक मुले तपासलेल्या गुरूच्या शेजारी बसूनच ते येते. आपल्या घरांतून मानसशास्त्र घेणाऱ्या मुली आता पुष्कळ आहेत. हा पेच त्या बोट धरायच्या वयापासून जगत आल्या आहेत; परक्या परीक्षकास तो आधी समजावून घ्यावा लागेल.

तोवर घरच्यांनी तपासणीस जाताना मुलाच्या इजेपूर्वीच्या व नंतरच्या वह्या बरोबर न्याव्यात. शुद्ध किती वेळ हरपली होती, ते लिहून ठेवावे. आणि मूल आकडे कोणत्या भाषेत मोजते, रागावते कोणत्या भाषेत, हे परीक्षकाने विचारण्याची वाट न पाहता सांगावे.